छोट्या संस्थेचा मेल स्पॅम आणि व्हायरसपासून कसा सांभाळायचा, ऑफिसात आयटीवालं कुणी नसताना

मार्चचा शेवटचा आठवडा होता, ऑडिटची गडबड, व्हाउचरचे गठ्ठे सगळीकडे, आणि त्यात आमच्या अकाउंटच्या ताईंना एका देणगीदार कंपनीतल्या ओळखीच्या मॅडमचा मेल आला. म्हणजे नाव त्यांचंच होतं, खाली आमचंच दोन महिन्यांपूर्वीचं बोलणं जोडलेलं होतं, वर फक्त एक ओळ की कागद पाठवलेत बघून घ्या, आणि एक झिप फाइल, तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. ताईंनी उघडली. मी असते तर मीही उघडली असती. आत वर्डची फाइल, तिच्यावर पिवळी पट्टी, 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणून, त्यांनी दाबलं, काहीच झालं नाही, म्हणून त्या परत व्हाउचरकडे वळल्या. तिसऱ्या दिवशी एका ट्रस्टींचा फोन, अगं तुमच्याकडून मला सारखी बिलं का येतायत?

आमचं बायकांसाठी समुपदेशन केंद्र आहे, तालुक्याच्या गावी, पगारी माणसं सहा, लॅपटॉप दोन आणि एक जुना डेस्कटॉप. त्या मेलबॉक्समध्ये नुसते हिशोब नव्हते, घर सोडून आलेल्या बायकांची नावं होती, त्या सध्या कुठे राहतायत ते होतं. ते कुणाच्या हाती लागलं असेल या विचारानं मला कित्येक रात्री झोप नव्हती. म्हणून हे सगळं लिहितेय, आम्ही जे नंतर केलं ते तुम्ही आधी करा. दोन-तीन शनिवार जातील, नंतर रोज सकाळी दोन मिनिटं आणि महिन्याला दहा मिनिटं पुरतात, आणि पैसे जवळपास लागत नाहीत.

एक गोष्ट आधी समजून घ्या. मोठ्या कंपनीत सांगतात की अनोळखी मेल उघडू नका. आपल्याला ते परवडत नाही, कारण आपल्याकडे येणारा प्रत्येक नवा देणगीदार, प्रत्येक स्वयंसेवक, नोकरीसाठी बायोडेटा पाठवणारा प्रत्येक मुलगा अनोळखीच असतो, आणि आपला पत्ता वेबसाइटवर, माहितीपत्रकावर, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, सगळीकडे उघडा असतो. त्यामुळे "सावध रहा" एवढं सांगून भागत नाही. दिवसभर केसेस घेऊन दमलेल्या ताईला संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक मेलबद्दल विचार करायला लावायचंच नाही, तिच्यापर्यंत वाईट मेल कमीत कमी पोचेल आणि पोचलाच आणि तिनं उघडलाच तरी नुकसान थोडक्यात राहील, अशी व्यवस्था करायची.

आधी तुमचा मेल कुठे आहे ते बघा

छोट्या संस्थांमध्ये दोनच प्रकार दिसतात. एक म्हणजे संस्थेच्या नावानं काढलेलं फुकटचं जीमेल, ज्याचा पासवर्ड पाच जणांना पाठ असतो आणि त्यातले दोघं संस्था सोडून गेलेले असतात. दुसरा म्हणजे वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर, म्हणजे आपली वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलीय त्यांच्याकडून, आलेला वेबमेल. हा दुसरा आमच्याकडे होता. त्याचा त्रास असा की एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात, त्यातल्या कुणी एकानं स्पॅम पाठवला की सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि आपली साधी देणगीची पावतीसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये पडते. आणि येणाऱ्या मेलची चाळणी तर अगदीच जेमतेम, ती नीट लावायला कुणीतरी जाणकार लागतो, जो आपल्याकडे नाही.

म्हणून सगळ्यात जास्त फायदा एकाच कामात आहे, मेल तिथून उचलून गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर न्यायचा. दोघांच्याही नॉनप्रॉफिट योजना भारतात आहेत. गूगलची संस्थांसाठीची साधी आवृत्ती फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचं बिझनेस बेसिक ३०० लोकांपर्यंत फुकट मिळतं. ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी म्हणून नोंदणीचे कागद लागतात, ते स्कॅन करून ठेवा, आणि कागदावरचं संस्थेचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः तेच लिहा. नोंदणी मराठीत आणि अर्ज इंग्रजीत असला की स्पेलिंगमध्ये घोळ होतो, मग अर्ज लटकतो. मंजुरीला थोडे दिवस लागतात, धीर धरा. यानंतर स्पॅमची चाळणी करणं हे त्यांच्या हजारो इंजिनियरांचं काम होतं, तुमच्या ताईंचं नाही.

हे करताना डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग, कुणाच्या नावावर आहे ते बघाच बघा. बऱ्याच ठिकाणी दहा वर्षांपूर्वी कुण्या स्वयंसेवक मुलानं वेबसाइट करून दिली आणि डोमेन त्याच्याच स्वतःच्या मेलवर घेतलं, तो आता परदेशात, रिन्युअलचे मेल त्याच्याकडे जातात. डोमेन संपलं आणि दुसऱ्या कुणी विकत घेतलं तर तुमच्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल त्याला मिळेल, पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा. त्या मुलाला आजच फोन करा, प्रेमानं, आणि खातं संस्थेच्या नावावर घ्या, ऑटो रिन्युअल लावा.

मेल हलवायचं काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा. मेल आता कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ही नवी नोंद सगळीकडे पोचायला एखाद-दोन दिवस लागू शकतात, तेवढ्या काळात काही मेल जुन्या पेटीत येतात, म्हणून जुनी पेटी महिनाभर बंद करू नका, रोज एकदा बघा.

पासवर्ड आणि दुसरं कुलूप

प्रत्येकाला स्वतःचं खातं, ही एकच सवय लावली तरी अर्धी लढाई झाली. माहितीसाठीचा, अकाउंट्सचा, असे जे सामायिक पत्ते असतात ते खातं म्हणून काढू नका, ग्रुप म्हणून काढा, म्हणजे मेल दोघा-तिघांना पोचतो पण वाटून घ्यायला पासवर्डच नसतो. कुणी नोकरी सोडली की निरोपसमारंभाच्या दिवशीच खातं सस्पेंड करा. यात त्या माणसावर अविश्वास नाही. ऑफिसच्या किल्ल्या परत घेतो ना, तसंच.

मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारं दुसरं कुलूप, सगळ्यांना, ट्रस्टींना तर आधी. ट्रस्टी बहुतेक वयानं मोठे असतात, त्यांना फोनवरून समजावू नका, घरी जा, चहा घ्या, समोर बसून लावून द्या, मी पाच जणांकडे अशी गेले आणि पाचही जणांचं झालं. एसएमएसनं येणाऱ्या कोडपेक्षा फोनवरच कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप चांगलं, पण एसएमएस हे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकडी, ते कागदावर छापून पावती पुस्तकांच्या कपाटात ठेवा, कारण फिल्डवर कुणाचा ना कुणाचा फोन पावसात बंद पडतोच. ॲडमिन, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणारी माणसं, मात्र दोघं असू द्या, एक ऑफिसातलं आणि एक ट्रस्टी, म्हणजे एकाला काही झालं तरी संस्था दाराबाहेर अडकत नाही. आणि ॲडमिनचं खातं रोजच्या मेलसाठी वापरू नका.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण हे मी रोज बघते. ऑफिसचा प्रिंटर बंद असतो, मग माणूस दुकानात जातो, तिथल्या कॉम्प्युटरवर संस्थेचं जीमेल उघडतो, प्रिंट काढतो आणि लॉगआउट न करता निघून येतो. नाहीतर पेन ड्राइव्ह नेतो आणि परत येताना सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट करणारा व्हायरस घेऊन येतो. त्यापेक्षा फक्त ती एक पीडीएफ दुकानदाराच्या मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा. तीही नाव-पत्ता असलेली केस नसेल तरच, केसचे कागद ऑफिसच्याच प्रिंटरवर, उद्या झाले तरी चालतील.

तुमच्या नावानं दुसरा कुणी मेल पाठवतो तेव्हा

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. संस्थेचं लेटरहेड कुणीही प्रेसमध्ये छापून घेऊ शकतो, तसंच मेलमध्ये 'कडून' या जागी कुणीही तुमच्या संस्थेचा पत्ता घालू शकतो, त्यासाठी तुमचा पासवर्ड फोडायचीही गरज नाही. हे थांबवायला डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, तीन नोंदी करायच्या असतात. एसपीएफ म्हणजे आमच्या वतीनं पत्र टाकायची परवानगी असलेल्या पोस्टांची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची लाखेची मोहोर, मधे कुणी पत्रात ढवळाढवळ केली तर ती तुटते. डीमार्क म्हणजे समोरच्या पोस्टमास्तरला सूचना, की यादी आणि मोहोर यांपैकी एकही जुळत नसेल तर पत्राचं काय करायचं.

गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन किंवा मदतीच्या पानांवर नेमकी कुठली ओळ टाकायची ते दिलेलं असतं, कॉपी-पेस्ट आहे, घाबरू नका. चुका दोनच ठिकाणी होतात. पहिली, एसपीएफची ओळ एका डोमेनला एकच असते, जुन्या होस्टिंगची ओळ तशीच ठेवून दुसरी टाकली तर दोन्ही निकामी, एकाच ओळीत सगळं जोडायचं. दुसरी, घाईनं डीमार्क एकदम 'रिजेक्ट' वर, म्हणजे न जुळणारं पत्र परत फेका या सूचनेवर, नेणं. तुमचं वार्तापत्र कुठल्यातरी वेगळ्या सर्व्हिसवरून जात असेल, देणगीची पावती पेमेंटवाल्यांकडून आपोआप जात असेल, ते यादीत नसेल तर तुमचेच मेल परत फेकले जातील. म्हणून आधी 'नन' ठेवा, म्हणजे काहीच अडवू नका, त्या ओळीत रिपोर्टसाठी आपला पत्ता घाला, मग रिपोर्ट यायला लागतील ते महिनाभर बघा, आपलं सगळं जुळतंय असं दिसलं की 'क्वारंटाइन', म्हणजे स्पॅममध्ये बाजूला टाका, आणि मग 'रिजेक्ट'.

हे केल्याचा आणखी एक फायदा, जो ट्रस्टींना सांगितला की ते लगेच हो म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी लागतातच आणि छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. नोंदी नीट असल्या की करसवलतीसाठीचं देणगीचं सर्टिफिकेट देणगीदाराच्या इनबॉक्समध्ये पडतं. नाहीतर जुलैमध्ये तो रिटर्न भरायला बसतो आणि तुम्हाला फोन करतो की पावतीच मिळाली नाही.

चाळणी घट्ट करणं

गूगलच्या ॲडमिनमध्ये जीमेलच्या सेटिंगखाली 'सेफ्टी' म्हणून भाग आहे. तिथे पासवर्ड लावलेल्या जोडण्यांसाठी, स्क्रिप्ट असलेल्या फाइलींसाठी, आणि आपल्यातल्याच कुणाचं नाव लावून बाहेरून येणाऱ्या मेलसाठी वेगवेगळी बटणं आहेत, ती सगळी चालू करा आणि नुसती सूचना दाखवण्याऐवजी स्पॅममध्ये टाका किंवा क्वारंटाइन करा असं निवडा. आमच्या ताईंची ती झिप फाइल पासवर्ड लावलेली का होती ते आता कळलं असेल, कुलूप असलं की चाळणीला आत बघता येत नाही, आणि चावी मात्र मेलमध्ये लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टकडे 'कॉमन अटॅचमेंट्स फिल्टर' असतो, तो चालू आहे ना बघा. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होणं दोन्हीकडे बंद करा.

चाळणी घट्ट केली की एखादा खरा मेल अडकणारच, फंडरचाही अडकतो. म्हणून रोज सकाळी एका ठरलेल्या माणसानं स्पॅम फोल्डर दोन मिनिटं चाळायचा. अडकलेला एक पत्ता मोकळा करा, पण चिडून अख्खं जीमेल डॉट कॉम मोकळं करू नका, तसं केलेलं मी पाहिलंय आणि मग चाळणी असून नसल्यासारखीच. स्पॅममधल्या 'अनसबस्क्राइब' वर क्लिक करू नका, ते फक्त आपण स्वतः नाव नोंदवलेल्या ठिकाणासाठी, बाकीच्यांना स्पॅम म्हणून रिपोर्ट करायचं. वेबसाइटवर पत्ता उघडा लिहिण्याऐवजी फॉर्म ठेवा, त्यात कॅप्चा, म्हणजे भरणारा माणूसच आहे ना ते तपासणारी खिडकी, लावा.

कॉम्प्युटरकडे

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे देणगीत मिळालेले जुने लॅपटॉप एकदा तपासाच. जे विंडोज ११ वर जात नाहीत त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टम टाकून फक्त ब्राउझरसाठी वापरता येतं, आमचा डेस्कटॉप तसाच चाललाय, मराठी टायपिंगही होतं. विंडोजमध्येच असलेला डिफेंडर हा अँटीव्हायरस पुरतो, फक्त तो चालू आणि अपडेट हवा, त्यावर अजून दोन अँटीव्हायरस लादून मशीन मुंगीच्या गतीनं चालवू नका.

आणि कृपा करून गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं टाकून दिलेलं चोरीचं ऑफिस वापरू नका. ते चालू करायला जो ॲक्टिव्हेटर टाकतात तो आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतो, म्हणजे आपणच दार उघडून देतो. आमचं ऑफिस २०१० चं होतं. मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे 'एनेबल कंटेंट' दाबलं की चालणारे फाइलीतले छोटे प्रोग्राम, मुळातच अडवायला सुरुवात केली, पण ते नव्या ऑफिसात, आमच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. लिबरऑफिस फुकट आहे आणि संस्थेच्या कामाला भरपूर आहे.

फाइलचं शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग, दिसू द्या. विंडोज मुळात ते लपवतं, त्यामुळे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई हा खरं तर प्रोग्राम असून नुसतं बिल डॉट पीडीएफ दिसतं. २००० सालच्या मे महिन्यात जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरस याच युक्तीवर चालला, लोकांना ती साधी टेक्स्ट फाइल वाटली, शेवटचं व्हीबीएस दिसलंच नाही. इतकी वर्षं झाली, युक्ती तीच. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'शो' आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स', एवढंच करायचं. आणि बायोडेटा, कोटेशन वगैरे डाउनलोड न करता जीमेलमध्येच उघडून बघायची सवय लावा.

आपल्याच दारात येणारे खोटे मेल

परदेशातला कुणी मोठी देणगी द्यायची म्हणतो, आधी प्रोसेसिंग फी भरा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, रद्द होणार, लगेच लिंकवर माहिती भरा. अध्यक्षांच्या नावानं मेल, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, तातडीनं एवढे पैसे पाठवा. हे सगळे आम्हाला आलेत. परदेशी पैशाबद्दल एक पक्कं लक्षात ठेवा, २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते, आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेताच येत नाही. दुसऱ्या खात्यात पाठवतो म्हणणारा एक तर खोटा आहे, नाहीतर तुम्हाला कायद्यात अडकवणार.

पत्ता उजवीकडून वाचायला शिकवा, हे मी ऑफिसात फळ्यावर लिहून दाखवलं. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंडसेवा डॉट कॉम, हे डावीकडून वाचलं तर सरकारी वाटतं. उजवीकडून वाचा, शेवटी रिफंडसेवा डॉट कॉम, म्हणजे मालक तो, पुढचं सगळं नुसतं सजावटीचं तोरण. सरकारी पत्ता गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इन वर संपायला हवा. तसंच इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम सारखे दिसतात, डोळे बारीक करून बघा.

बँक खातं बदललंय असं कुणीही मेलवर कळवलं, विक्रेता असो वा भागीदार संस्था, तर जुन्या फाइलीतला नंबर काढून फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. आमच्याकडे हा नियम कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घेतलाय, म्हणजे ताईंना कुणावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटत नाही, त्या सरळ सांगतात, ठरावच आहे तसा.

क्लिक झालंच तर

वायफाय बंद करा किंवा केबल काढा. मग दुसऱ्या फोनवरून, मोबाइल डेटावर, पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. मग सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडा, ही पायरी बहुतेक जण विसरतात. आमच्या मेलबॉक्समध्ये एक फिल्टर सापडला होता, विषयात 'व्हायरस' किंवा 'बिल' असलेला प्रत्येक मेल सरळ ट्रॅशमध्ये टाकणारा. लोक तीन दिवस आम्हाला कळवत होते आणि आमच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं, फोन केला तो फक्त त्या ट्रस्टींनी. रिकव्हरीचा नंबर आणि जोडलेली ॲप्सही तपासा. जीमेलच्या पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' असतं, तिथे कुठून लॉगिन झालं ते दिसतं.

मशीनवर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची टूल्सही फुकट आहेत. पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार. आणि देणगीदारांना स्वतःहून कळवा, दोन ओळींत, आमच्या नावानं आलेली फाइल उघडू नका. आम्ही कळवलं, एकही देणगीदार तुटला नाही, उलट दोघांनी आम्हालाही असंच झालं होतं म्हणून सांगितलं. ज्यांची माहिती बाहेर गेली असू शकते त्या बायकांना आम्ही एकेकीला भेटून सांगितलं, ते फार अवघड होतं, पण तो त्यांचा हक्क होता, त्यातल्या एकीनं राहण्याची जागा बदलली. तेव्हापासून केसचे कागद मेलला जोडून पाठवत नाही, ड्राइव्हवर ठेवतो, ठरलेल्या दोघींनाच उघडतात, आणि मेलमध्ये फक्त केस नंबर.

क्लिक करणाऱ्या माणसाला रागावू नका. ताईंना त्या दिवशी पहिल्या तासातच शंका आली होती, पण आपल्याला बोलतील म्हणून त्या गप्प बसल्या, आणि ते तीन दिवस तिथेच गेले. आता ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संशयास्पद मेलचा स्क्रीनशॉट टाकायची पद्धत पडलीय, सगळ्यात जास्त त्याच टाकतात.

महिन्याची दहा मिनिटं आम्ही पगाराच्या दिवशी ठेवलीत, म्हणजे विसरत नाही. कुणी नवं आलं-गेलं का, सगळ्यांचं टू-स्टेप चालू आहे का, डीमार्कच्या रिपोर्टात काही अनोळखी दिसतंय का, अपडेट झालेत का, आणि हिशोबाची आणि केसची फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क मशीनपासून काढून कपाटात, बॅकअप कोडच्या पाकिटाशेजारी. यावेळी तपासताना दिसलं की डोमेनचं रिन्युअल ज्या कार्डावर आहे त्याची मुदत संपत आलीय, तर उद्या ते आधी बदलायचंय.